जेवण होईपर्यंत

१४ डिसेंबर, गुरुवार

रिजायना शहरातल्या क्लिनिकमधून आज फोन आला. एका रुग्णाने वेळ रद्द केल्यामुळे मार्टाच्या मानेतल्या सुईसाठी ५ जानेवारीची सकाळ रिकामी झाली आहे. ती घेतली नाही तर पुढची तारीख ऑगस्टमध्ये. मी मार्टाला न विचारता होकार कळवला. तीन आठवडे आणि आठ महिने यांत निवड करण्यासारखे काही असते असे मला वाटत नाही.

मार्टाला ते रुचले नाही. ती नुकतीच चर्चच्या तळघरातून परतली होती. आमचा नाताळ जुन्या पंचांगाप्रमाणे ७ जानेवारीला असतो; त्या सणाच्या विक्रीसाठी तिथे बायका पेरोगी करतात, आणि त्या तळघराची सूत्रे कित्येक वर्षे माझ्या पत्नीकडे आहेत. मैद्याच्या पारीत बटाटा भरायचा आणि कडा चिमटीने मिटवायच्या. मान खाली घालून, उभ्याने, दिवसभर. मानेचे दुखणे तिथूनच आले, हे मी तिला दोन वर्षे सांगतो आहे. आता उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचे बोट बधिर असते. तिने मिटवलेल्या कडा हल्ली उकळत्या पाण्यात सुटतात. इतर बायका तिच्या पाठीमागे त्या पुन्हा मिटवतात आणि ते तिला कळत नाही असे त्यांना वाटते.

"पाच तारखेला?" ती म्हणाली. "अरे, सहाला आपलं पवित्र सांजेचं जेवण. मान टोचून घेऊन मी चूल कशी सांभाळू?"

"चूल मी सांभाळतो."

"तू? उकळी आली का हे बघायला थर्मामीटर लावणारा माणूस तू."

"शंभर अंश म्हणजे उकळी. त्यात मतभेदाला जागा नाही."

"मायरन, तू स्वर्गाच्या दाराशी पण पोच मागशील." ती हसली आणि लगेच मान धरून बसली. हसतानाही दुखते, म्हणजे माझा निर्णय योग्यच होता.

२ जानेवारी, मंगळवार

हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून मार्टा रक्त पातळ ठेवणारी गोळी घेते. सुईच्या तीन दिवस आधी ती थांबवायची आहे. आजपासून थांबवली.

डॉ. बेलिंगर यांच्याशी नोव्हेंबरमध्ये झालेले बोलणे आज पुन्हा आठवून पाहिले. मानेच्या मणक्यांच्या आत, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर, स्टेरॉइड सोडतात. सुजलेली नस त्याने शांत होते. धोक्यांविषयी मी विचारले होते. डोकेदुखी, जंतुसंसर्ग, रक्तस्राव, आणि अगदी विरळा मज्जारज्जूला इजा, असे ते म्हणाले. विरळा म्हणजे किती, असे मी विचारले. "माझ्या हातून एकदाही नाही, इतकं विरळा." मी म्हटले की ही संख्या नव्हे. तेव्हा ते म्हणाले, हजारो सुयांमध्ये एखादी. माझे समाधान झाले. मी गावच्या पतपेढीचा व्यवस्थापक आहे. याहून पुष्कळ मोठ्या धोक्यांवर मी रोज सही करतो.

जेवणाची व्यवस्था आखली. आई सत्त्याऐंशी वर्षांची आहे. ती गावातल्या वृद्धाश्रमात राहते आणि सणाला घरी येते. यंदा सगळे रीतीप्रमाणे हवे असे तिने बजावले आहे. आमच्या घरची रीत अशी की पहिली चांदणी दिसली, टेबलावरच्या पावात खोचलेली मेणबत्ती पेटली, की टेबलावरून घरच्या बाईखेरीज कोणी उठायचे नाही. जो उठेल तो पुढच्या वर्षी त्या टेबलाशी नसेल. वडील एका वर्षी अडलेल्या गाईला पाहायला गोठ्यात गेले आणि मार्चमध्ये वारले. आई हे दर वर्षी सांगते. मी तो योगायोग मानतो. उठत मात्र नाही.

मार्टाला वाढण्यासाठी उठावे लागू नये म्हणून मी पतपेढीच्या सभागृहातले घडीचे टेबल आणले आणि तिच्या खुर्चीला लावून ठेवले. अन्न गरम ठेवणाऱ्या दोन विजेच्या तापपट्ट्यांवर सणाचे बाराही पदार्थ तिच्या हाताशी राहतील. बिटाचे सार, मासळी, कोबीच्या पानांच्या गुंडाळ्या, सगळे. तिला एकदाही उठावे लागणार नाही.

५ जानेवारी, शुक्रवार

काम झाले. मला बाहेर बसवले होते. मार्टाला पालथी झोपवून, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत, मानेत मागून सुई घातली. चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आतून कुणीतरी दार ढकलल्यासारखं झालं. मग काही नाही."

परतीच्या वाटेवर बाहेर उणे एकतीस होते, रस्त्यावर बर्फाची भुकटी सरकत होती. निम्म्या वाटेत तिने हातमोजा काढला आणि अंगठ्यावर बोट दाबून पाहिले.

"मायरन, अंगठा परत आला बघ."

"चोवीस तासांपर्यंत ते भुलीच्या औषधामुळेही असू शकतं. कागदावर लिहिलंय."

"दोन मिनिटं खूश होऊ दे रे."

मी तिला होऊ दिले. खरे तर मीही झालो होतो. घरी आल्यावर सूचनांचा कागद फ्रिजवर चुंबकाने लावला. दोन-तीन दिवस दुखणे वाढू शकते; बर्फाने शेकावे. हातात तात्पुरता जडपणा येऊ शकतो. रक्ताची गोळी एक दिवसानंतर पुन्हा सुरू करावी. खाली एक फोन नंबर आहे.

६ जानेवारी, शनिवार

सगळे पार पडले. आई वृद्धाश्रमात पोचली, मार्टा झोपली आहे, भांडी मी घासली.

सकाळी तिची मान इतकी बरी होती की तिने गव्हात खसखस आणि मध स्वतः कालवला. दुपारी ठरल्या वेळी मी तिला रक्ताची गोळी दिली. त्यानंतर तासाभराने दोन्ही खांद्यांच्या मधे दुखू लागले. "कुणी बूट घालून पाठीवर उभं राहिलंय," असे ती म्हणाली. दुखणे वाढू शकते असे कागदात आहे. बर्फ लावला.

चारच्या सुमारास मी तापपट्ट्यांच्या तारा टेबलाखाली चिकटवत होतो. मार्टा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"माझा डावा हात जड झालाय. बशी धरवेना."

"डावा? सुई तर उजव्या बाजूसाठी होती."

"ते हाताला कोण सांगणार?"

मी कागद पाहिला. हाताला जडपणा येऊ शकतो असे त्यात आहेच. कोणत्या हाताला ते लिहिलेले नाही. ती म्हणाली, "झेनियाला फोन करू का?" झेनिया तिची थोरली बहीण, विनिपेगला असते, तीस वर्षे रुग्णालयात परिचारिका होती. झेनियाला फोन केला की प्रत्येक गोष्टीचे संकट होते, हा अनुभव आहे. आई कोट काढून बसली होती. आकाश निवळले होते, म्हणजे चांदणी लवकर दिसणार.

"तुला काय वाटतं?" मार्टाने विचारले.

मी म्हटले, "जेवण होऊ दे. मग करू."

"बरं," ती म्हणाली.

जेवण उत्तम झाले. घरच्या कर्त्याने पहिला घास प्रत्येकाला भरवायचा ही रीत; मी आईला आणि मार्टाला गव्हाचा घास भरवला. मार्टा फार कमी जेवली. दोनदा तिचा चमचा सुटला. माझी व्यवस्था आईला पसंत पडली. "या घरात आजवर एका बाईला गरम सार मिळालं नव्हतं," ती म्हणाली. "मार्टा, बसल्या बसल्या राणीसारखी जेवते आहेस."

"राणीच आहे, आई," मार्टा म्हणाली. "हलता येत नाही म्हणजे राणीच."

आई खूप हसली.

जेवताना फोन दोनदा वाजला. जेवणात फोनला हात लावायचा नाही हे सगळ्यांना माहीत आहे. मार्टा प्रत्येक वेळी फोनकडे पाहत राहिली. झेनिया असावी, सणाचे अभीष्टचिंतन दुसऱ्या दिवशीही करता येते.

आईला सोडून परत आलो तर मार्टा अजून खुर्चीतच होती. तिला पलंगावर नेताना तिने सगळा भार माझ्यावर टाकला. पाय कणकेसारखे लोळत होते. कालचा प्रवास, उपवास आणि वर पेलाभर वाइन. झेनियाला फोन करण्याची वेळ आता उरली नाही.

७ जानेवारी, रविवार

रुग्णालयाच्या बाकावर बसून लिहितो आहे. रात्रभर मार्टा एकदाही उठली नाही. एरवी ती लघवीसाठी दोनदा उठते. औषध लागू पडले असे मला वाटले आणि मी सकाळी कॉफी करून नेली.

ती छताकडे पाहत म्हणाली, "मायरन, माझे पाय कुठे आहेत?"

मी पांघरूण उचलून पाहिले. पाय होते.

गावच्या रुग्णालयात मानेचा फोटो काढला आणि लगेच रुग्णवाहिकेने रिजायनाला धाडले. वाऱ्यामुळे रुग्णांना नेणारे विमान उडणार नव्हते. मी मागून गाडी चालवत आलो. इथे डॉ. ओकाफोर नावाच्या शल्यचिकित्सक आहेत. मानेच्या मणक्यांत रक्त साचून गोठले आहे आणि मज्जारज्जू त्याखाली दबला आहे, असे त्यांनी सांगितले. सुईनंतर असे क्वचित होते. ताबडतोब उघडून रक्त काढायला हवे.

"हातापायातली ताकद कधीपासून कमी झाली?" त्यांनी मार्टाला विचारले.

"आज सकाळी," मार्टा म्हणाली.

हे चुकीचे होते. मी म्हटले, "डावा हात काल चार वाजल्यापासून."

डॉक्टरांनी लिहायचे थांबवले. "काल दुपारी चार?" मग मार्टाकडे वळून म्हणाल्या, "तेव्हा तुम्ही कुणाला सांगितलं होतं?"

"कुणालाच नाही," मार्टा म्हणाली.

दुखण्यावरच्या औषधाने तिची स्मृती धूसर झाली असावी. मी दुरुस्ती करणार होतो, पण तेवढ्यात तिला आत नेले. जाताना ती माझ्याकडे टक लावून पाहत होती. फार वेदना होत असाव्यात.

८ जानेवारी, सोमवार

मणक्यांच्या मागच्या कमानी कापून रक्त काढले. ती बोलते, श्वास स्वतः घेते. बाकी काही नाही.

मी डॉ. ओकाफोर यांना विचारले की हे आधी केले असते तर. त्या म्हणाल्या, "पहिल्या काही तासांत केलेल्याचा निकाल चांगला असतो. उशिराचा सांगता येत नाही. वाट पाहू." किती तास, असे मी विचारले. त्यांनी मला बसायला सांगितले आणि पाणी आणून दिले. तास सांगितले नाहीत.

१२ जानेवारी, शुक्रवार

झेनिया मंगळवारपासून इथे आहे. आज मार्टा नीट जागी होती, तशी झेनियाने तोफ डागली.

"चारला हात गेला आणि तू बारा पदार्थ खात बसलीस? मी आयुष्यभर लोकांच्या पाठी पुसल्या आणि माझ्याच बहिणीला एवढी अक्कल नाही?"

"सासूबाईंचं शेवटचं जेवण असेल असं वाटलं," मार्टा म्हणाली.

"त्यांचं? त्या तुला पोचवून जातील. आणि याला काही दिसलं नाही?"

"तो बिचारा तारा चिकटवत होता. त्याला मी काही बोललेच नाही."

मी खिडकीशी उभा होतो. चार वाजता ती दारात उभी राहिली होती, बशी तिच्या डाव्या हातात होती आणि तिने उजव्या हाताने ती आधारली होती. मला सगळे स्वच्छ आठवते. मी तोंड उघडले, तर मार्टा म्हणाली, "मायरन, ओठ कोरडे पडलेत. ते मलम लाव." मी मलम लावले. विषय बदलला.

नंतर बाहेर झेनिया मला म्हणाली, "मी दोनदा फोन केला होता."

"जेवण चालू होतं."

"माहीत आहे मला जेवण चालू होतं. म्हणूनच एकदा नाही, दोनदा केला. सुई झाल्यावर दुसऱ्या दिवशी विचारावंच लागतं."

३ फेब्रुवारी, शनिवार

उजवे मनगट उचलते. बोटे नाहीत, डावा हात नाही, पाय नाहीत. नळीने लघवी काढतात. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर कातडी सडते. तिला पुनर्वसनाच्या विभागात हलवले आहे. ती विचारते, मी कधी उभी राहीन. आणि तिथली व्यायाम शिकवणारी तरुण मुलगी म्हणते, आधी बसायचं शिकू. मार्टा म्हणाली, "बसायचं मला येतं. बसूनच तर इथवर आले."

आईला भेटून आलो. तिला काहीतरी समजत नाही. "पण ती तर उठली नव्हती," ती पुन्हा पुन्हा म्हणते. "मी पाहत होते ना, मायरन. ती एकदाही उठली नव्हती."

डॉ. बेलिंगर यांच्याविरुद्ध प्रांताच्या वैद्यक परिषदेकडे तक्रार करायचे मी ठरवले आहे. हजारो सुयांमध्ये एखादीच चुकते, तर या सुईत वेगळे काय केले, हे कोणीतरी सांगायला हवे. सुई कोणत्या मणक्यापाशी घातली, किती खोल, रक्त आल्याचे दिसले का. कारणाशिवाय परिणाम नसतो.

१९ मार्च, सोमवार

डॉ. बेलिंगर यांनी स्वतः फोन केला. वकिलाने करू नका सांगितले असताना केला, असे म्हणाले. त्यांचा आवाज मला आठवत होता त्यापेक्षा म्हातारा वाटला.

"मी ती चित्रं पुन्हा पुन्हा पाहिली, मिस्टर हॅव्रिलुक. सुई जिथे हवी तिथेच होती. मला चूक सापडली असती तर बरं झालं असतं."

"म्हणजे कारण नाही?"

"एखादी बारीक शीर फाटते. कधी लगेच थांबते, कधी झिरपत राहते. गोळी पुन्हा सुरू केल्यावर झिरपणं वाढलं असेल. कागदात दिलेल्या वेळेलाच तुम्ही दिलीत, त्यात तुमची चूक नाही." मग ते म्हणाले, "असं झालं तर उरतो फक्त वेळ. म्हणून आम्ही फोन नंबर देतो."

माझी चूक आहे असे मी म्हटलेच नव्हते. मग ते मला का सांगावे लागले, कळत नाही. मी त्यांचे आभार मानून फोन ठेवला. तक्रार मागे घेण्याचे कारण मला दिसले नाही.

११ मे, शुक्रवार

तळघरातल्या चार बायका मार्टाला भेटायला रिजायनापर्यंत आल्या. ओल्या फडक्यात गुंडाळून मैद्याच्या पाऱ्या आणल्या होत्या. कुणाला ही कल्पना सुचली, नकळे. त्यांनी तिच्या मांडीवरच्या फळीवर एक पारी ठेवली, सारण भरले आणि वाट पाहत राहिल्या. मार्टाने मनगट उचलून हात पारीवर टाकला. बोटांच्या पाठीने तो गोळा दाबला. बटाटा एका बाजूने बाहेर आला.

"आता तरी माझ्यामागे लपून कडा मिटवू नका," ती म्हणाली. "उघड मिटवा."

सगळ्या हसल्या. थोरली ओलेना बाहेर जाऊन रडली, मग परत येऊन तिने सगळ्या पाऱ्या मिटवल्या. वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात उकळून आणल्या. मी मार्टाला तीन भरवल्या. मनापासून जेवली.

परिषदेच्या तपासनीस लिंडक्विस्ट बाईंचे पत्र आले आहे. रुग्णाचे स्वतःचे निवेदन हवे: लक्षणे कधी जाणवली, आणि ती कोणाला केव्हा सांगितली. खाली सही किंवा हाताची खूण, साक्षीदारासमक्ष. मागणी रास्त आहे.

२४ मे, गुरुवार

मार्टाला पत्र वाचून दाखवले.

"तक्रार मागे घे," ती म्हणाली.

"का? तुला उत्तर मिळायला हवं."

"मला मिळालंय. डॉक्टरनं तुला फोनवर दिलं तेच. शीर फाटली."

"ते अपुरं आहे."

"मायरन, ते लोक विचारणार, मी कुणाला सांगितलं."

"मग जे घडलं ते सांग."

तिने खिडकीकडे पाहिले. चाकाची खुर्ची खिडकीशी होती. बाहेर पावसाने पार्किंगमध्ये काळे पाणी साचले होते.

"जे घडलं ते," ती म्हणाली. "तुझ्या आयुष्यात एवढा एकच शब्द आहे का रे? घडलं."

मी म्हटले की तिचे विधान माझ्या आठवणीशी जुळत नाही, आणि दोन निवेदनांत तफावत राहिली तर परिषद ती दोन्ही निवेदने बाजूला सारील. मी चारच्या प्रसंगाचा माझा भाग आधीच पाठवला आहे का, असे तिने विचारले. नाही, मी म्हटले. तुझे आधी यावे असे वाटले.

"देवाची कृपा," ती म्हणाली.

घरी येताना मी हे बोलणे पुन्हा जुळवून पाहिले. यॉर्कटनच्या अलीकडे गाडी कडेला घेऊन काही वेळ थांबावे लागले. गाडीत बिघाड नव्हता.

९ जून, शनिवार

पुढच्या आठवड्यात मार्टा घरी येणार. न्हाणीघर मोठे केले आहे, पलंगावर उचलणारे यंत्र बसवले आहे. गेले चार दिवस परिचारिका मला शिकवत होत्या: कूस कशी बदलायची, नळी कशी घालायची, टाच आणि माकडहाडावरची कातडी रोज कशी पाहायची.

आज तक्रार मागे घेण्याचे पत्र मी तिला दाखवले. ती म्हणाली, आता उशीर झाला. चौकशी सुरू झाली की परिषद ती स्वतः पुरी करते, लिंडक्विस्ट बाईंनी तिला तसे कळवले आहे. निवेदन द्यावेच लागेल. "लिही," ती म्हणाली. "मी सांगते."

मी लिहू लागलो. शनिवारी दुपारी चारच्या सुमारास डावा हात जड झाल्याचे मला जाणवले. बरोबर. बशी धरता येत नव्हती. बरोबर.

"मी ते कोणालाही सांगितलं नाही. सणाचं जेवण मोडू नये म्हणून नवऱ्यापासून लपवलं."

मी पेन थांबवले.

"लिही, मायरन."

"हे खरं नाही."

"मला माहीत आहे खरं काय ते."

"मग मी ते लिहू शकत नाही. मार्टा, तू दारात उभी होतीस. मला विचारलंस. मी म्हटलं—"

"तू काय म्हटलंस ते मी ऐकलं होतं." तिचा आवाज चढला नाही. "आता माझं ऐक. मी घरी येतेय. मला उचलायला, पुसायला, दर दोन तासांनी वळवायला तू असणार. रोज. मी मरेपर्यंत, नाहीतर तू मरेपर्यंत. झेनिया येऊन बसणार, तळघरातल्या बाया येणार, फादर येणार. सगळ्यांच्या नजरेखाली तू कुबडा होऊन मला उचलशील, हे मला नको. मला माझा माणूस धड हवाय. एवढं एकच मी मागतेय. बाकी मागण्यासारखं माझ्याकडे राहिलंय काय?"

"पण तू स्वतः मला माफ—" मी म्हटले.

"माझं मी बघेन," ती म्हणाली. "काही दिवस तुझ्यावर चिडेन. तेही तुलाच ऐकावं लागेल. ते आपल्या घरातलं. हे बाहेरचं. लिही."

मी लिहिले. कोणालाही सांगितले नाही. नवऱ्यापासून लपवले.

सहीसाठी मी पेन तिच्या उजव्या हाताच्या बोटांत बसवले आणि माझी बोटे वरून मिटली. ती मनगट उचलू शकते, एवढा जोर तिचा होता. वळणे माझी होती. नाव उमटले, ते कोणाचे अक्षर आहे हे सांगता येणार नाही.

साक्षीदार म्हणून झेनियाला बोलावले. तिने उभ्यानेच वाचले, मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचले. तिने मार्टाला काही विचारले नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "असंच झालं?"

मार्टा माझ्याकडे पाहत होती. या वेळी ती नजर मला कळली.

"हो," मी म्हटले. "असंच."

झेनियाने बराच वेळ माझ्या चेहऱ्यावरून डोळे काढले नाहीत. मग खाली सही केली, पेनाचे टोपण लावले आणि कॉफी आणते म्हणून निघून गेली.

कूस बदलायची वेळ झाली होती. मी एक हात मार्टाच्या खांद्याखाली आणि एक कमरेखाली घातला, शिकवल्याप्रमाणे गुडघ्यांतून वाकलो, आणि तिला भिंतीकडे वळवले.